रश्श्याशेजारी भाताच्या जागी

मावळात कोंबडीच्या रश्श्याशेजारी भात लागतो, आणि तो बहुधा इंद्रायणीचा. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेल्या या वाणात आंबेमोहराचा वारसा आहे. म्हणूनच तो मऊ, किंचित चिकट शिजतो आणि रस्सा धरून ठेवतो. हंगेरी हा गव्हाचा देश. तिथे भाताचं हे काम नोकेदली करते. मैदा आणि अंडी कालवून उकळत्या पाण्यात सोडलेले हे करंगळीच्या पेराएवढे तुकडे कोंबडीच्या लाल रश्श्याबरोबर वाढले जातात.

तो रस्साही मावळी जिभेला परका वाटणार नाही. कांदा चरबीवर परतायचा, भांडं विस्तवावरून उतरवून लाल मिरचीची पूड घालायची, मग कोंबडी आणि शेवटी आंबट साय. भांडं उतरवायचं कारण साधं आहे: पूड गोडसर असते, ती चटकन करपते. सेगेद आणि कालोचा ही त्या मिरचीची नामांकित गावं. सेगेदच्याच मिरचीतून आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं केलं. त्यांना १९३७ चं नोबेल मिळालं, त्यात या संशोधनाचा मोठा वाटा होता.

उकळत्या पाण्यात पीठ शिजवणं पुणे-नगरकडच्या घरांना नवं नाही. कुळथाच्या पिठाची शेंगोळी लसणाच्या झणझणीत पाण्यात शिजतात, कणकेची फळं वरणात. फरक एवढाच, की आपण पाण्यासकट ओरपतो. हंगेरियन सुगरण तुकडे निथळून बाजूला काढते.

चौघांसाठी पाव किलो मैदा, दोन अंडी, चमचाभर मीठ आणि साधारण दीडशे मिलिलिटर पाणी पुरतं. पीठ भज्यांच्या पिठाहून घट्ट हवं. चमच्यावरून जड होऊन सावकाश गळावं. फार घोटू नये. घोटलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि नोकेदली रबरासारखी होते. गुठळ्या जेमतेम मोडल्या की हात थांबवावा.

हंगेरीत यासाठी मोठ्या भोकांची खास किसणी मिळते. इथे ती शोधत बसायची गरज नाही, मोठ्या भोकांचा बुंदीचा झारा आहेच. उकळत्या खारट पाण्यावर तो धरायचा आणि पीठ डावाने दाबून खाली उतरवायचं. झारा पाण्याच्या फार जवळ नेला, तर वाफेने पीठ भोकांतच शिजतं. अंड्याचा पांढरा भाग ६२ अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागतो, त्यामुळे तुकडे पाण्यात पडताच आकार धरतात. ते तरंगले की आणखी मिनिटभर ठेवून काढावेत. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या जवळपासच उकळतं. म्हणून घाटमाथ्यावर एखादा तुकडा मोडून आत कच्चं पीठ नाही ना, हे पाहावंच. निथळल्यावर लगेच लोणी चोळावं, नाहीतर गोळा होतो.

पूर्ण कणीक वापरून पाहण्याचा मोह आवरावा; तुकडे जड होतात. निम्मी कणीक चालते.

मावळी काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर ही जोडी उत्तम जमते, फक्त रस्सा नेहमीपेक्षा दाट ठेवावा. उरलेली नोकेदली दुसऱ्या दिवशी लोण्यावर परतून तिच्यावर फेटलेली अंडी ओतावीत आणि हिरव्या सॅलडबरोबर खावी. हंगेरीत ते स्वतंत्र जेवणच मानतात. दिवाळीच्या लाडवांसाठी झारा माळ्यावरून उतरलाच आहे, तर तो परत ठेवण्याआधी एकदा हे करून पाहा.