खाली गाडी खालून

शेलूबाजारच्या चौकात चहा पिता पिता आम्ही एका दहाचाकी ट्रकच्या ड्रायव्हरला विचारले, "भाऊ, नागपूरला वरून जाता का खालून?" वरून म्हणजे समृद्धी महामार्गाने आणि खालून म्हणजे कारंजा-अमरावतीच्या जुन्या रस्त्याने. क्षणभरही विचार न करता तो म्हणाला, "सर, भरेल गाडी असन तं वरून, खाली गाडी असन तं खालून."

कोटी करण्याचा त्याचा हेतू नव्हता. आमच्या वऱ्हाडात रिकाम्या गाडीला खाली गाडीच म्हणतात. पण एवढ्या एका वाक्यात बरेच गणित आणि थोडे पदार्थविज्ञान दडलेले आहे. वर्गातल्या एखाद्या मुलाचे वडील ट्रक चालवत असतील, तर हे गणित त्याच्या घरात रोज बोलले जाते. वाशिम जिल्ह्यात अशी मुले कमी नाहीत.

आधी रस्त्याची थोडी माहिती घेऊ. नागपूर ते मुंबई हा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. नागपूर ते शिर्डी हा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. वाशिम जिल्ह्यात तो कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. जुन्या रस्त्यासारखा कोठूनही त्यावर चढता येत नाही. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव अशा ठरावीक ठिकाणीच चढायचे आणि उतरायचे. टोलनाकेही तेथेच आहेत. काचेवर चिकटवलेल्या फास्टॅगवर चढताना एक नोंद होते, उतरताना दुसरी, आणि दोहोंमधल्या अंतराचे पैसे कापले जातात. त्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरचे यंत्र ज्या रेडिओलहरी सोडते, त्यांच्याच ऊर्जेवर आतली चिप जागी होते आणि त्याच लहरी कमीजास्त परतवून आपला क्रमांक कळवते. या लहरींची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर, म्हणजे वर्गातल्या फूटपट्टीहून थोडी जास्त.

१ एप्रिल २०२५ पासूनचे दर किलोमीटरमागे असे आहेत : मोटारीला २.०६ रुपये, हलक्या मालवाहू गाडीला ३.३२, दोन आसांच्या ट्रकला ६.९७ आणि तीन आसांच्या ट्रकला ७.६०. दोन चाकांना जोडणारा दांडा म्हणजे आस. बैलगाडीचा असतो तोच. ड्रायव्हर मात्र त्याला ॲक्सलच म्हणतात. सहाचाकी ट्रकला दोन आस असतात, दहाचाकीला तीन.

आता ड्रायव्हरचे वाक्य तपासू. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे ढोबळ घेतले आहेत. आपल्या गावातल्या एखाद्या गाडीमालकाला विचारून ते खुशाल बदलावेत. शेलूबाजार ते नागपूर वरून २०० किलोमीटर धरू, खालून २५०. डिझेल लिटरला ९० रुपये. भरलेली दहाचाकी गाडी वर एका लिटरला ४ किलोमीटर जाते असे मानू. खाली गावे, गतिरोधक आणि बैलगाड्या असल्यामुळे साडेतीनच.

वरून डिझेल लागेल ५० लिटर, म्हणजे ४५०० रुपये. टोल १५२० रुपये. एकूण ६०२०. खालून डिझेल सुमारे ७१.४ लिटर, म्हणजे जवळजवळ ६४३० रुपये. शिवाय अमरावती-नागपूर रस्त्यावरचे टोलनाके आहेतच, पण ते घटकाभर बाजूला ठेवू. तरीही भरलेल्या गाडीला वरचा रस्ता ४०० रुपयांनी स्वस्त पडला. वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा ठरला.

रिकामी गाडी वर लिटरला ६ आणि खाली ५ किलोमीटर जाईल असे धरू. वरून डिझेलचे ३००० आणि टोलचे तेच १५२०, एकूण ४५२०. टोल आस मोजतो. गाडीत सोयाबीन आहे की हवा, हे तो पाहत नाही. खालून डिझेलचे ४५००. म्हणजे बरोबरी झाली. आणि मघाशी बाजूला ठेवलेले खालचे नाके मोजले, तर खालचा रस्ताच महाग ठरतो. मग इतकी वर्षे गाडी चालवणारा माणूस चुकला की काय? या प्रश्नाकडे आपण वळसा घेऊन परत येऊ.

वर्गात हे दोऱ्याने करून पाहता येते. शेलूबाजार, कारंजा, अमरावती, वर्धा, नागपूर अशा गाठी बांधायच्या. दोन गाठींमधल्या दोऱ्याची लांबी किलोमीटरांत न मोजता रुपयांत मोजायची. १०० रुपयांना १ सेंटिमीटर. डिझेल अधिक टोल मिळून त्या तुकड्याला जो खर्च येतो, तेवढा दोरा. गावे नकाशावर कोठे आहेत याला आता महत्त्व नाही. मग शेलूबाजारची गाठ एका हातात धरायची, नागपूरची दुसऱ्या हातात, आणि जाळे ताणायचे. जो दोरा ताठ होतो तो सर्वांत स्वस्त मार्ग. बाकीचे सैल लोंबतात. आकडेमोड मुळीच करावी लागत नाही. कारंज्यापर्यंत खालून जाऊन तेथे वर चढणे, असे मिश्र मार्गही त्यात आपोआप तपासले जातात.

संगणक हेच काम ज्या रीतीने करतो, ती एड्सखर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाला १९५६ साली सुचली. ॲम्स्टरडॅममध्ये होणाऱ्या पत्नीबरोबर खरेदी करून दोघे कॉफी प्यायला बसले होते. तेथे कागद-पेन्सिल न घेता वीसेक मिनिटांत रीत तयार झाली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. एका नव्या संगणकाचे प्रात्यक्षिक लोकांना समजेल अशा उदाहरणाने दाखवायचे होते, म्हणून त्यांनी नेदरलँड्समधली ६४ गावे घेतली. १९५९ साली ती रीत छापून आली. मोबाइलवर रस्ता दाखवणाऱ्या आजच्या सोयींच्या मुळाशी तीच कल्पना आहे.

रीत अशी. निघण्याच्या गावापासून जेथवर सर्वांत कमी खर्चात पोहोचता येते, ते गाव पक्के करा. त्या गावावरून पुढच्या गावांचे खर्च काढा. उरलेल्यांत पुन्हा सर्वांत स्वस्त असेल ते पक्के करा. असे करत मुक्कामापर्यंत या. एकदा पक्के झालेले गाव पुन्हा तपासायचे नाही, ही या रीतीची खरी खुबी. पण तसे करता येते ते एका अटीवर : रस्त्याचा आणखी एक तुकडा जोडल्याने खर्च कधीही कमी होता कामा नये.

आता ड्रायव्हरकडे परत. आम्ही त्याला आमचा हिशेब सांगितला तेव्हा तो हसला. म्हणाला, "खालून गेलं का वाटेनं भाडं भेटते ना सर."

खाली गाडी कारंज्याच्या बाजार समितीत डोकावू शकते. तेथून अमरावतीचा माल मिळाला आणि त्याचे भाडे समजा ३००० रुपये आले. कारंजा ते अमरावती ६५ किलोमीटर धरले, तर भरलेल्या गाडीला डिझेल लागेल सुमारे १६७० रुपयांचे. म्हणजे या तुकड्याचा खर्च उणे १३३०. दोरा उणे तेरा सेंटिमीटर कसा कापायचा? येथे दोऱ्याचे जाळे हात टेकते आणि डाइक्स्ट्राची अटही मोडते. पक्के केलेले गाव नंतर स्वस्त ठरू शकते. अशा वेळी बेलमन-फोर्ड नावाची दुसरी रीत वापरतात. तीत कोणतेच गाव आधी पक्के करत नाहीत. सगळे तुकडे पुन्हा पुन्हा तपासत राहतात. वेळ जास्त लागतो, पण उणे खर्च तिला चालतो. वर मधल्या कोणत्याही गावात थांबायची सोय नाही, त्यामुळे तेथे उणे तुकडा सापडत नाही. ड्रायव्हरच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग त्यामुळे खरा ठरतो.

एक प्रश्न मुले हमखास विचारतील : टोल वजनावर न लावता आसांवर का? रस्ता गाडीचे एकूण वजन सोसत नाही, तो एकेका आसाखालचे वजन सोसतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० अशी दोन वर्षे खास बांधलेल्या रस्त्यांवर सैनिकांकडून ट्रक फिरवून घेतले गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की, रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट, तर झीज सोळापट. अर्ध्या टनाचा मोटारीचा आस आणि दहा टनांचा ट्रकचा आस यांत भाराचा फरक वीसपट, तर झिजेचा एक लाख साठ हजारपट. टोलमध्ये मात्र मोटार आणि सहाचाकी यांच्यात फरक साडेतीनपटीहूनही कमी आहे. टोल नुसत्या झिजेसाठी नसतो. जमीन, पूल, बांधकामाचे कर्ज हे सगळे त्यात असते. तरी हा फरक वर्गात फळ्यावर लिहिण्याजोगा आहे.

आपल्याकडे मागच्या चार चाकी आसावर पूर्वी १०.२ टनांची मर्यादा होती. २०१८ साली ती ११.५ टन झाली. भार १३ टक्के वाढला. झीज किती? ११.५ भागिले १०.२, त्याचा चौथा घात, म्हणजे १.६ पट. जोड आसाला मर्यादा २१ टन. आपल्या रस्ते अभियंत्यांच्या हिशेबात एकट्या आसाचा प्रमाणभार ८.१६ टन आणि जोड आसाचा सुमारे १५.१ टन धरतात. त्यानुसार ११.५ टनांच्या एकट्या आसाची झीज ३.९ प्रमाण आसांइतकी येते आणि २१ टनांच्या जोड आसाची ३.७ इतकी. म्हणजे दहाचाकी जवळजवळ दुप्पट भार पेलते, तरी रस्ता सहाचाकीपेक्षा जास्त झिजवत नाही. तिचा टोल सहाचाकीच्या टोलहून फक्त ९ टक्क्यांनी जास्त आहे, हे त्या दृष्टीने वाजवीच म्हणायचे.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहू. सहाचाकीत ११० क्विंटल सोयाबीन धरले, तर २०० किलोमीटरचा टोल क्विंटलमागे पावणेतेरा रुपयांच्या आसपास येतो. दहाचाकीत १८० क्विंटल धरले, तर साडेआठच्या आत. सहाचाकीवाल्याने तीन टन जादा भरले, तर त्याचे क्विंटलमागे पावणेतीन रुपये वाचतात. तो जादा भार सगळा मागच्या आसावर आला, तर त्या आसाखालची झीज अडीचपट होते. हे वाचलेले रुपये एकाच्या खिशात जातात आणि झीज सगळ्यांच्या रस्त्याची होते.

टोल चुकवून खालून जाणे ही काही आपलीच खोड नाही. जर्मनीने १ जानेवारी २००५ पासून महामार्गांवर जड ट्रकांना उपग्रहाच्या साह्याने किलोमीटरमागे टोल लावला, तेव्हा काही ट्रक खालच्या रस्त्यांवर उतरून गावागावांतून जाऊ लागले. अखेर जुलै २०१८ पासून तेथील सर्व केंद्रीय रस्त्यांवर तोच टोल लागू झाला. स्वित्झर्लंडमध्ये २००१ पासून टन आणि किलोमीटर यांचा गुणाकार करून कर घेतात. तोही रस्ता कोणताही असो.

आता दोऱ्यांचे जाळे पुन्हा एकदा बांधा, लाल दोऱ्याने. या वेळी १ तासाला १० सेंटिमीटर. वरून ताशी ६० च्या सरासरीने ३ तास २० मिनिटे, म्हणजे ३३ सेंटिमीटर. खालून ताशी ४० ने सव्वासहा तास, म्हणजे साडेबासष्ट. पांढरे जाळे गाडीमालकाचे आहे, टोल आणि डिझेल तो भरतो. लाल जाळे ड्रायव्हरचे. त्याला भत्ता बहुधा फेरीमागे मिळतो, तासामागे नाही. झोप त्याची जाते.

आम्ही हे बोललो तेव्हा तो ग्लास विसळत होता. "मालकाचा फोन आला होता," तो म्हणाला, "खालून या म्हणे." आणि त्याने गाडी कारंजा रस्त्याला लावली.