वाह्यात : शब्द एक, अर्थ दोन

विद्यार्थी मित्रांनो, कोणी निरर्थक बोलू लागले, की आपल्या घरची मोठी माणसे म्हणतात, "क्या वाहियात बात है!" मराठीतही 'वाह्यात' हा शब्द आहे. पण दोन्ही भाषांत त्याचा अर्थ एकच आहे का?

मी तुमच्याएवढा होतो तेव्हाची गोष्ट. शेजारचे काका गमतीने म्हणाले, "अरे, रात्री आपल्या विहिरीत मगर शिरली!" मी हसत म्हणालो, "काका, वाह्यात बोलू नका." त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला म्हणायचे होते, "काहीतरीच काय सांगता!" पण त्यांना वाटले, मी त्यांना असभ्य म्हणालो. पुढे काकूंनी मला समजावले, तेव्हा मी काकांची माफी मागितली.

हा शब्द मूळचा अरबी आहे. 'वाही' म्हणजे कमकुवत, मोडकळीस आलेला. 'सवाल'वरून 'सवालात' आणि 'खयाल'वरून 'खयालात' होते, तसेच 'वाही'वरून 'वाहियात' झाले. ज्या बोलण्याला आधार नाही, ते पडक्या भिंतीसारखेच नाही का? मराठीत अशा बोलण्याला 'बिनबुडाचे' म्हणतात.

दख्खनमध्ये १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले. पुढे दीर्घकाळ येथील दरबारांत फारसीला मान होता. त्यामुळे अर्ज, जमीन, हिशेब असे कितीतरी अरबी-फारसी शब्द मराठीत रुळले. 'वाह्यात' हाही मराठीत आलेला असाच एक पाहुणा.

मराठीत मात्र त्याचा रोख बोलण्यापेक्षा वागण्याकडे अधिक वळला. 'वाह्यात मुलगा' म्हणजे ताळतंत्र सोडून वागणारा मुलगा. म्हणून मोठ्यांशी बोलताना हा शब्द टाळावा. निरर्थक बोलण्यासाठी मराठीत 'वायफळ', 'बाष्कळ' असे शब्द आहेत.

'राजीनामा' या शब्दाचेही तसेच आहे. उर्दूत तो समझोत्याचा कागद, तर मराठीत नोकरी किंवा पद सोडण्याचे पत्र!

मित्रांनो, मराठी वाचताना ओळखीचे शब्द भेटले, की आनंद होतो. पण त्यांचा येथील अर्थ विचारून घ्या. त्यात कमीपणा नाही. न विचारता बोलल्याने मात्र एखाद्याचे मन दुखावू शकते.

स्वाध्याय
१. काकांचा चेहरा का उतरला?
२. 'वाही' या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
३. 'वायफळ' आणि 'बिनबुडाचे' हे शब्द वाक्यांत वापरा.