मोटर बदलण्याआधी पाइप बघा

उन्हाळ्यात एका वस्तीत आरोग्य तपासणीला गेलो होतो. टोकाच्या गल्लीत चार मुलांना जुलाब लागले होते. पण बायांचे म्हणणे वेगळेच. "ताई, आधी नळाचं बघा. कळशी भरायला जीव जातो."

बुद्धविहारामागे बोअर, त्यात सबमर्सिबल मोटर आणि तिथून गल्लोगल्ली नळ. धार बारीक झाली म्हणून घरटी वर्गणी काढून नवी मोटर टाकली होती. धार होती तशीच राहिली.

दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच निघाले. गटाराखालून गेलेल्या पाइपचा सॉकेट फुटला होता. मोटर चालू असताना त्या फटीतून पाणी बाहेर जायचे, म्हणून पुढच्या नळांना जोर नाही. मोटर बंद झाली की पाइप रिकामा होऊ लागतो, आत ओढ तयार होते आणि त्याच फटीतून गटाराचे पाणी आत शिरते. दुसऱ्या दिवशीचा पहिला हंडा त्याचा. म्हणून आरोग्याच्या पानावर मोटरीविषयी लिहीत आहोत.

वर्गणी काढण्याआधी एक बादली घ्या. मिस्त्रीकडून बोअरच्या तोंडाशी जोड सोडवून घ्या, मोटर चालू करून बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. तिथे धार भरदार असेल तर मोटरीचा दोष नाही. मग इतर नळ बंद ठेवून शेवटचा नळ सोडा. तो रडतच असेल तर मधल्या लाइनमध्ये गळती आहे नाहीतर गाळ. मोटर चालू असताना कुठे जमीन ओलावते, गटारात अचानक स्वच्छ पाणी कुठून येते, हे पाहत लाइनीच्या कडेने चालत जा. हे काम बाया आणि पोरं मिस्त्रीपेक्षा चांगले करतात, असा आमचा अनुभव आहे.

बोअरच्या तोंडाशीच धार बारीक असेल तर ती नीट बघा. हवा फुरफुरत, थांबून थांबून पाणी येत असेल तर बहुधा बोअरची पातळी उतरली आहे. मोटर लगेच बंद करा, काही तास बोअरला विसावा द्या. ही मोटर पाण्यानेच थंड राहते, कोरडी चालली की जळते. मोटर बंद केल्यावर पाणी खळखळत खाली उतरत असेल तर उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह गेला आहे किंवा आतला पाइप फुटला आहे. धार सलग पण बारीक असेल तर व्होल्टेज आणि कपॅसिटर तपासून घ्या. थ्री फेजची मोटर असेल आणि विजेच्या दुरुस्तीनंतरच धार गेली असेल, तर फेज उलटून मोटर उलटी फिरत असण्याची शक्यता असते. वायरमन दोन वायरी बदलून ती सुलटी करतो, खर्च फारसा नाही. पॅनलला मात्र आपण हात लावायचा नाही, ओल्या हाताने तर नाहीच.

काही घरे नळालाच छोटी मोटर जोडून पाणी ओढतात. त्यांची अडचण आम्हाला कळते. पण त्या ओढीने फटीतली घाण सगळ्या गल्लीच्या पाण्यात येते.

गळती सापडून बुजेपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच प्या. जुलाब झालेल्या मुलाला जलसंजीवनी द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात, त्या जुलाब थांबले तरी 14 दिवस द्यायच्या. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले तर घरी थांबू नका.

1927 साली महाडला पाण्यासाठी उभा राहिलेला आपला समाज. आपल्याच वस्तीचा पाइप गटारातून का जातो, हे ग्रामपंचायतीला लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. त्या वस्तीने पाइप गटारापासून दूर, वरून घेतला. आता दर पौर्णिमेला वंदना झाली की पोरं बादली भरायला किती सेकंद लागले ते विहाराच्या मागच्या भिंतीवर खडूने लिहितात.