राजघाट ते टिंबक्टू

तापीच्या उत्तर काठावर राजघाट, त्याच काठावर शाही किल्ल्यातल्या महालांचे अवशेष आणि पलीकडे जैनाबाद. बऱ्हाणपूरची गोष्ट बहुधा इथूनच सांगायला घेतात आणि ती नेहमी एकाच वाटेने जाते. फारुकी सुलतान आले, मोगल आले, १६३१च्या जूनमध्ये मुमताजमहल इथे बाळंतपणात दगावली, काही महिने तिचं दफन जैनाबादेत होतं, मग शव आग्र्याला नेलं आणि शहराला उतरती कळा लागली. ताजमहाल इथेच व्हायचा होता, असं म्हणून हळहळण्याचाही रिवाज आहे. या साऱ्या कथनात शहर म्हणजे दरबार हे न सांगता धरून चाललेलं असतं. पण बऱ्हाणपुरात दरबार आणि पेठ यांचे चढउतार कधी एकत्र झालेच नाहीत. चारशे वर्षांचा मागोवा घेताना हे दोन हिशेब वेगळे मांडले नाहीत, तर पुरावाच उलटा वाचला जातो. हाच घोटाळा पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमधल्या टिंबक्टूबाबतही झाला आहे, म्हणून त्याला शेजारी बसवून पाहणं उपयोगाचं.

दोन्ही ठिकाणी आधी भूगोल बोलतो. तापी इथे नावा चालवण्याची नदी नाही, ती ओलांडायची नदी. घाट म्हणजे उतार, आणि बऱ्हाणपूर म्हणजे सुरतेहून आग्र्याला आणि उत्तरेतून दख्खनेत जाणाऱ्या वाटांचा उतार. उत्तरेला साधारण वीस किलोमीटरवर सातपुड्याच्या खिंडीत असीरगड बसलेला आहे. ज्याच्या हाती तो गड, त्याच्या हाती दख्खनेचं दार. टिंबक्टूचं तसंच. नायजर नदी सहारा वाळवंटाच्या कडेला सर्वात वर वळते, तिथे हे गाव आहे. उत्तरेकडून उंटांवर लादून मीठ यायचं, दक्षिणेकडून सोनं आणि धान्य, आणि मालाची अदलाबदल इथे व्हायची. अशी गावं राजा वसवतो हे म्हणणं अर्धंच खरं असतं. राजा नाव देतो. जागा वाटसरूंनी आधीच निवडलेली असते.

नाव मात्र सुंदर पडलं. पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावर नासिरखान फारुकीने असीरगड घेतला आणि खुलताबादचे सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने हे शहर, तर शेख झैनुद्दीन यांच्या नावाने पलीकडचं जैनाबाद वसवलं. फारुकींचं खानदेश हे छोटं राज्य. गुजरात, माळवा, अहमदनगर यांच्या कात्रीत दोनशे वर्षं टिकलं ते बरंचसं वाकायला शिकल्यामुळे. शेवटच्या काळातल्या राजा अलीखानाने बांधलेल्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला फारुकींची वंशावळ चक्क संस्कृतात कोरलेली आहे. हा नुसता औदार्याचा दाखला नसावा. ज्या पेठेवर राज्य चालतं तिच्याशी तिला ओळखीच्या भाषेत बोलण्याचा व्यवहारही त्यात असणार. १६०१च्या जानेवारीत असीरगड अकबराकडे गेला आणि खानदेश संपला. त्याच्या दहा वर्षं आधी, १५९१च्या मार्चमध्ये, तोंडिबीच्या लढाईत मोरोक्कोच्या बंदुकांपुढे टिंबक्टूवर राज्य करणारं सोंघाय साम्राज्य मोडलं होतं. पण टिंबक्टूतून जिंकणाऱ्यांनी अहमद बाबांसारखे विद्वान कैद करून मर्राकेशला नेले, तर बऱ्हाणपूर जिंकणाऱ्यांनी आपली दख्खनची छावणीच इथे आणून बसवली. म्हणजे ‘जिंकलं गेलं की शहर बुडतं’ हा नियम इथे लागू पडत नाही. उलट आपली मंडळी बऱ्हाणपूरचा सुवर्णकाळ म्हणून हाच मोगल काळ सांगतात.

आता साक्षी पाहू. १६१५ साली इंग्रज वकील सर टॉमस रो शहाजादा परवेझला भेटायला इथे आला. दरबार तेव्हा ऐन भरात, मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानानही इथेच. रोला शहर दळभद्री वाटलं: शहाजादा, खानखानान आणि मोजक्या बड्यांचे वाडे सोडले तर बाकी सगळी मातीची घरं. पुढे दख्खनचं ठाणं औरंगाबादेकडे सरकलं, आणि त्या सुमारास दोनदा येऊन गेलेल्या फ्रेंच प्रवासी ताव्हेर्नियेला शहर बरंचसं पडकं आणि घरं गवताने शाकारलेली दिसली. इथे उतरती कळा सिद्ध झाली असं मानणाऱ्याने त्याचं पुढचं वर्णन वाचावं. तो सांगतो की इथला व्यापार मोठा आहे आणि इथली पारदर्शक मलमल इराण, तुर्कस्तान, मॉस्कोचा मुलूख, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते. जरीच्या कडांचे ओढण्या-दुपट्टेही निघतात. घरं रोच्या वेळीही मातीचीच होती, म्हणजे पडक्या घरांवरून व्यापाराचं काही ठरत नाही. टिंबक्टूत सोळाव्या शतकाच्या आरंभी प्रवासी लिओ आफ्रिकानसने सूत विणणाऱ्यांची दुकानं पाहिली आणि पुस्तकांच्या व्यापारात बाकी कशाहून जास्त नफा आहे असं नोंदवलं. १८२८मध्ये सोन्याच्या नगरीची स्वप्नं घेऊन पोचलेल्या फ्रेंच प्रवासी रने काय्येला मातीच्या घरांचा ढीग दिसला आणि तो खट्टू झाला. युरोपीय प्रवासी घर पाहून पेठेचा अंदाज बांधतो, हे दोन्हीकडे सारखंच.

मराठ्यांनी मात्र ही गल्लत केली नाही. १६८१च्या जानेवारीअखेर संभाजीराजांच्या फौजेने हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली बऱ्हाणपूरवर झडप घातली. तट फोडत बसण्याऐवजी बाहेरच्या बहादूरपुऱ्यावर आणि इतर पुऱ्यांवर तीन दिवस हात मारला, कारण सावकार आणि सराफ तिथे होते. बादशहाचं बूड इथून हलून बरीच वर्षं झाली होती. दरबार गेल्यावर शहर रिकामं झालं असतं, तर सैन्याला इतक्या लांबची दौड परवडली नसती. लुटीची दिशा हा संपत्तीचा पुरावा असतो, आणि तो कुठल्याही प्रवाशाच्या शेऱ्यापेक्षा मला जास्त पटतो.

यावर रास्त आक्षेप असा की दरबार नसता तर पेठेला तरी काय मिळालं असतं? खुनी भंडारा, म्हणजेच कुंडी भंडारा, मोगलांचा. १६१५च्या सुमारास तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या आखणीवर, सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी अडवून भुयारी नळाने शहरात आणलं. वर ओळीने शंभराच्या घरात विहिरीसारख्या कुंड्या आहेत. एवढं काम कोष्ट्या-विणकरांच्या वर्गणीतून झालं नसतं, हे कबूल. जरीला गिऱ्हाईकही बरंचसं दरबारीच. पण देण्याबरोबर घेणंही मोजायला हवं. १६३०-३२ या वर्षांत शाहजहान लष्करासह इथे मुक्कामी होता, आणि नेमका त्याच वेळी गुजरात-दख्खनेत भीषण दुष्काळ होता. इंग्रज प्रवासी पीटर मंडीने सुरतेहून इकडे येणाऱ्या वाटेवर पडलेली प्रेतं पाहिली. अशा सालात बादशाही छावणीचं पोट भरणं शहराला काय पडलं असेल, हे मुमताजच्या गोष्टीत कोणी सांगत नाही. दरबाराचं ठोस देणं ते पाणी, आणि पाणी दरबार गेल्यावरही वाहत राहिलं.

पुढचं राजकारण भराभर सांगता येतं: १७६०च्या उदगीरच्या लढाईनंतर पेशव्यांकडे, मग शिंद्यांकडे, १८६०मध्ये इंग्रजांकडे. या सगळ्यात माणसं येत राहिली. १७०८मध्ये नांदेडच्या वाटेवर गुरू गोविंदसिंग इथे थांबले, आणि राजघाटावर गुरू नानकांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. दाऊदी बोहरांसाठी दर्गा-ए-हकीमी आजही यात्रेचं ठिकाण आहे. तलवारीच्या धन्यापेक्षा वाटेवरचा साधू आणि व्यापारी इथे जास्त टिकले.

मग ऱ्हास झालाच नाही का? झाला, पण वाट वळली तेव्हा. १८६०च्या दशकात मुंबईहून उत्तरेला जाणारी रेल्वे आली. तिने तापी भुसावळजवळ पुलावरून ओलांडली आणि मग ती खंडव्याकडे गेली. बऱ्हाणपूरचं स्टेशन शहराबाहेर लालबागेत झालं. नदी ओलांडायला आता राजघाटाची गरज उरली नाही, आणि बैलांच्या तांड्यांसह ओलांडण्याचा धंदाच संपला. विणकाम मात्र राहिलं: १९०६ला तापी मिल निघाली, मग यंत्रमाग आले, आणि एके काळी लुटल्या गेलेल्या बहादूरपुऱ्यात आज मागच खडखडतात. मालीत फ्रेंचांचा लोहमार्ग १९०४मध्ये नायजरकाठच्या कुलिकोरोपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. टिंबक्टू शेकडो कोस दूर राहिलं. त्या मार्गावरचं बामाको हे तोवर लहानसं गाव होतं. १९०८ला ते वसाहतीची राजधानी झालं, तसं इकडे भुसावळ रेल्वेचं मोठं ठाणं झालं.