जाब कोणी कोणाला विचारायचा? पाणी, कर आणि घराची किंमत

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एका ताईंनी विचारलं होतं, 'सर, न्यायाची संकल्पना कळली, पण आमच्या सोसायटीत रोज टँकर येतो, त्याचं काय?' सगळे हसले. आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र ते हसू घशात अडकलं, कारण टँकर आमच्याही सोसायटीत येतो. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, आणि या टँकरचा न्यायाशी संबंध काय, हे कधी नीट मांडून पाहिलं नव्हतं. आज तेवढंच करू. उदाहरण पुण्याचं घेऊ, कारण ते आपल्या दाराशी आहे.

सुरुवात एका शब्दापासून. 'जबाबदारी' हा शब्द आपण सरसकट 'कर्तव्य' या अर्थाने वापरतो. पण त्याच्या पोटात 'जबाब' आहे, म्हणजे उत्तर. 'जाब विचारणे' तिथूनच आलं. जबाबदार म्हणजे ज्याच्याकडून उत्तर मागता येतं तो. तेव्हा कोणी जबाबदार आहे असं म्हटलं, की लगेच पुढचं विचारायला हवं: कोणाला, कशाबद्दल, केव्हा, आणि उत्तर नाही दिलं तर पुढे काय? यातला एक जरी धागा तुटला तरी शब्द राहतो आणि जबाबदारी जाते.

प्राचीन अथेन्समध्ये याची एक रोखठोक पद्धत होती. अधिकाऱ्याची मुदत संपली की त्याला कारभाराचा हिशेब द्यावा लागे. तो तपासून होईपर्यंत त्याला देश सोडता येत नसे, आपली मालमत्ता देवाला अर्पण करूनही मोकळं होता येत नसे. देवाच्या नावाने सुटण्याची वाट त्यांनी आधीच बंद केली होती, हे आम्हाला फार आवडतं.

आता पुण्यात येऊ. मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी, असं राज्यघटना सांगते. 74 व्या दुरुस्तीने, म्हणजे 1 जून 1993 पासून, ते कलम आपल्याकडे आहे. तरीही प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षण यांचे वाद न्यायालयात राहिले, आणि मतदान झालं ते 15 जानेवारी 2026 ला. मधली जवळपास चार वर्षं आयुक्त हेच प्रशासक होते.

याचा अर्थ नीट पाहा. एरवी आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात फेरफार करते, मग मुख्य सभा मंजुरी देते. प्रशासकाच्या काळात आयुक्त मांडत होते आणि प्रशासक मंजूर करत होते, आणि दोघे एकच. आम्ही इथे कोणा व्यक्तीला दोष देत नाही. माणूस कितीही सज्जन असो, स्वतःच स्वतःला जाब विचारणं ही आत्मपरीक्षणाची गोष्ट झाली. संतांना ते साधतं, संस्थेचा कारभार त्यावर चालवता येत नाही.

कोणी म्हणेल, नगरसेवक होते तेव्हा काय दिवे लावले? प्रश्न रास्त आहे. पण सभागृहाचं एक काम आपण विसरतो: तिथे एखादा माणूस उभा राहून 'नाही' म्हणू शकतो, आणि ते इतिवृत्तात नोंदलं जातं. महात्मा फुले 1876 पासून काही वर्षं पुण्याच्या नगरपालिकेचे नियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं फुले म्हणाले, आणि विरोधात एकट्याने मत दिलं. ठराव अर्थात मंजूर झाला. पण ते एक मत नोंदलं गेलं म्हणून आज आपण त्याबद्दल बोलतो आहोत. प्रशासकाच्या कारभारात त्या एका मताला बसायला खुर्चीच नसते.

आता पाणी. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातूनच येते आणि ती बहुतांशी घराच्या करपात्र मूल्यावर ठरते, वापरावर नाही. तुम्ही बादलीने अंघोळ करा नाहीतर रोज गाडी धुवा, आकडा तोच. सगळीकडे मीटर बसवून समान पाणीपुरवठा करायचा, म्हणून चोवीस तास पाण्याची योजना आखली गेली. त्यासाठी जून 2017 मध्ये महापालिकेने 200 कोटींचे कर्जरोखे काढले, 7.59 टक्के व्याजाने. मुंबईच्या शेअर बाजारात घंटा वाजवून त्याचा समारंभही झाला. योजना अपेक्षित वेळेत पूर्ण झाली नाही. व्याज मात्र वेळेवर धावतं, ते प्रभागरचनेसाठी थांबत नाही.

मीटरला विरोध करणारे आपल्यातही बरेच आहेत. 'मीटर आला की बिल वाढणार,' ही भीती खोटी नाही. पण दुसरी बाजू पाहा. मीटर नसेल तर गळती, चोरी आणि वापर या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. मग पाटबंधारे खातं म्हणतं, शहर जास्त पाणी उचलतं. शहर म्हणतं, लोकसंख्या वाढली. आपण म्हणतो, आमच्या नळाला पाणीच नाही. तिघेही एकाच वेळी खरं बोलत असू शकतात, आणि तिघांपैकी कोणालाही पकडता येत नाही. मोजमाप नसलं की जाब विचारता येत नाही, फक्त ओरडता येतं.

विजेच्या बाबतीत निदान एक जागा आहे. दर वाढवायचा तर वीज कंपनीला नियामक आयोगापुढे जावं लागतं, खर्चाचे आकडे मांडावे लागतात, जाहीर सुनावणी होते, आणि कोणीही सामान्य ग्राहक तिथे लेखी हरकत घेऊ शकतो. आयोगाला आदेशात कारणं द्यावी लागतात. दर वाढायचे ते वाढतातच, आम्ही भाबडे नाही. पण 'का वाढला' याचं उत्तर कागदावर मिळतं. घरगुती पाण्यासाठी नागरिकाला अशी जागा नाही. तिथे मुख्य सभा हीच सुनावणी असायची, आणि ती चार वर्षं भरलीच नाही.

या सगळ्याचा घराच्या किमतीशी काय संबंध? इथे थोडं गणित करू, घाबरू नका. शंभर सदनिकांची सोसायटी, घरटी चार माणसं, माणशी रोज 135 लिटर हे नेहमीचं मानक. म्हणजे दिवसाला 54,000 लिटर. नळाला काहीच येत नाही असं धरा, दहा हजार लिटरचा टँकर हजार रुपयांना मिळतो असंही धरा. हा आकडा केवळ हिशेबापुरता आहे, उन्हाळ्यात तुमच्याकडे काय भाव असतो ते तुम्हालाच ठाऊक. दिवसाला 5,400 रुपये, महिन्याला 1,62,000, म्हणजे घरटी 1,620. आता गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांचं असेल तर लाखाला महिन्याचा हप्ता सुमारे 868 रुपये बसतो. म्हणजे टँकरवर जाणारे 1,620 रुपये हा जवळपास 1 लाख 87 हजारांच्या कर्जाचा हप्ता झाला. अर्थशास्त्र सांगतं, बिनपाण्याच्या घराची किंमत तितकी कमी असायला हवी. पण केव्हा? घेणाऱ्याला आधी माहीत असेल तर. आणि तिथेच मेख आहे.

ज्या भागात महापालिकेचं पाणी पोचत नाही, तिथे बांधकामाची परवानगी घेताना विकसक हमीपत्र देतो, की महापालिका पाणी देऊ लागेपर्यंत पुरवठ्याची सोय मी करीन. हा कागद फायलीत असतो. घर घेणाऱ्याच्या हातात रंगीत माहितीपत्रक असतं, त्यात पोहण्याचा तलाव असतो. (तलावात पाणी कुठून येणार, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं.) काही वर्षांनी सोसायटी स्थापन होते, विकसक बाजूला होतो, आणि हमी कोणी कोणाला दिली होती हेच धूसर होतं. राजकीय तत्त्वज्ञानात याला 'अनेक हातांचा प्रश्न' म्हणतात: कामात इतके हात असतात, की चूक कोणत्याही एका हाताची ठरत नाही.

पण इथे एक हात जरा वेगळा आहे. परवानगी देणारी आणि पाणी देण्याचं कर्तव्य असलेली संस्था एकच आहे. जकात गेली, 2013 मध्ये आलेला एलबीटीही गेला, 2017 पासून जीएसटीच्या भरपाईसाठी राज्याकडे तोंड. स्वतःच्या हक्काचे मोठे स्रोत उरले दोन: मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. परवानगीचे पैसे आज येतात, पाण्याचं ओझं कायमचं येतं. आजचा पैसा आणि उद्याचं ओझं, यांत उद्यासाठी बोलणारं कोणी सभागृहात नसेल तर काय होईल, ते सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. शिवाय घर विकत घेताना मुद्रांक शुल्क सात टक्के, त्यातला एक टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार, एक टक्का मेट्रोचा. सत्तर लाखांच्या घरावर एक टक्का म्हणजे 70,000 रुपये. ते भरून झाल्यावर टँकरवाल्याचा नंबर शोधायचा.

हा प्रश्न केवळ पैशांचा असता तर आम्ही एवढं लांबवलं नसतं. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूला गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले, कित्येकांना कृत्रिम श्वासावर ठेवावं लागलं, काही दगावले. संशय पाण्यावर गेला. ही गावं 2017 आणि 2021 च्या हद्दवाढीत शहरात आली. त्यांतल्या काहींना विहिरीचं पाणी, नुसती क्लोरीन घालून, गाळणी केंद्रातून न जाता पुरवलं जात होतं. खडकवासल्याचं धरण तिथून हाकेच्या अंतरावर. पुण्याचं पाणी त्या गावांच्या शेजारून वाहत जातं. 2021 ला ज्यांना हद्दीत घेतलं त्यांना सभागृहात नगरसेवक पाठवायची संधी त्या वेळी मिळालेली नव्हती. 2021 ला आलेल्या गावांनी तर ग्रामपंचायत गमावली आणि महापालिकेची निवडणूक साडेचार वर्षं पाहिली नाही. सरपंचाच्या दारात जाऊन भांडता येत होतं, तेही गेलं.

आणखी एक गट आहे, ज्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही: भाडेकरू. पुण्यात 1970 पासून, मालक स्वतः राहत असेल तर करपात्र मूल्यात 40 टक्के सवलत आहे. राज्य सरकारने ती मध्यंतरी काढली, ओरड झाली, 2023 मध्ये पुन्हा दिली. आपण सगळ्यांनी पीटी-3 अर्ज भरले, आम्हीही भरला, आनंद झाला. पण घर भाड्याने दिलेलं असेल तर ही सवलत नाही. मालक तो कर भाड्यात घालतो. म्हणजे नुकता शहरात आलेला, अजून घर न झालेला तरुण जास्त कराचा भार उचलतो, आणि त्याला ते कळतही नाही, कारण बिलावर नाव मालकाचं. जॉन स्टुअर्ट मिलने 1861 च्या ग्रंथात स्थानिक संस्थांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. कर ठरवणारे आणि कर भरणारे वेगळे पडले की उधळपट्टी होते, ही काळजी त्याला होती. इथे उलटं घडतं: भरणारा आहे, पण भरतो हे त्यालाच माहीत नाही. तो जाब विचारायला जाणार कशाला?

आता त्या ताईंच्या टँकरकडे परत येऊ. मागच्या व्याख्यानानंतर आम्ही आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत विचारलं, गेल्या सहा वर्षांत किती टँकर आले? सचिवांनी खजिनदारांकडे पाहिलं, खजिनदारांनी पहारेकऱ्याकडे. बिलं होती, पैसे दिले होते, पण टँकर मोजून घेतल्याची नोंदवही नव्हती. दहा हजार लिटरचा म्हणून आलेला टँकर खरंच दहा हजारांचा होता का, हे कोणी पाहिलेलं नव्हतं. आणि सभांना हजर राहून, चहा पिऊन, हिशेब 'सर्वानुमते मंजूर' करणाऱ्यांत दरवर्षी आम्ही होतो. महापालिकेत प्रशासक होता ही गोष्ट खरी, पण आमच्या जिन्याखालीही तो होताच, आणि तो आम्हीच नेमला होता.

आता एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, टाकीची पातळी आधी आणि नंतर. विकसकाच्या हमीपत्राची प्रत माहितीच्या अधिकारात मागितली आहे. तीस दिवसांची मुदत आहे, अठरा दिवस झालेत. नवे नगरसेवक आता आले आहेत. ती वही आणि तो कागद घेऊन, आमच्या इमारतीतल्या भाडेकरूंनाही बरोबर घेऊन, त्यांच्याकडे जायचं ठरलं आहे. काय उत्तर मिळालं ते पुढच्या व्याख्यानाच्या सुरुवातीला सांगू. तोवर ज्यांच्याकडे असा हिशेब असेल त्यांनी तो घेऊन यावा. आता प्रश्न घेऊ. हो, मागच्या रांगेतले, तुम्ही बोला.