डिजिटल अरेस्ट: आई-बाबांना वाचवायचंय? मग आधी त्यांच्यावर ओरडणं बंद करा

ज्यांना आजचा भाग ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. पाच मिनिटं लागतील. वाचून झालं की घरी एक फोन करायचाय, तो का ते शेवटी कळेलच.

समजा, तुम्ही हिंजवडीत नोकरी करता आणि आई-बाबा नाशिकला दोघंच राहतात. सकाळी साडेदहाला बाबांना फोन येतो. "तुमच्या नावाचं पार्सल मुंबई कस्टम्सने पकडलंय, आत ड्रग्ज आहेत." बाबा म्हणतात, अहो, मी काही पाठवलंच नाही. "मग तुमच्या आधारचा गैरवापर झालाय. थांबा, पोलिसांना जोडून देतो." लगेच व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. समोर खाकी वर्दी, मागे पोलीस स्टेशनसारखी खोली. तो माणूस बाबांचा आधार नंबर खडाखडा वाचून दाखवतो. पाठोपाठ सीबीआयचा शिक्का मारलेलं पत्र येतं. "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय. कॅमेरा बंद करायचा नाही. कुणाला सांगितलंत तर मुलालाही उचलू."

तासाभराने मुद्दा येतो. "तुमचा पैसा काळा की पांढरा ते तपासायचंय. रिझर्व्ह बँकेच्या या खात्यात भरा, तपासून परत करू." बँकेत कुणी विचारलं तर काय सांगायचं तेही पढवून ठेवलेलं असतं: फ्लॅट घ्यायचाय म्हणा. आणि आयुष्यभर जमवलेली एफडी दुपारपर्यंत मोडलेली असते.

पण बाबा तर शिकलेले आहेत!

हो ना. या सापळ्यात डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारीही अडकलेत. कारण हा सगळा खेळ टेक्नॉलॉजीचा नाहीच. तो तीन गोष्टींवर चालतो: भीती, घाई आणि एकटेपणा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं ऐकत ही पिढी मोठी झाली. ज्यांनी आयुष्यात कधी सिग्नल तोडला नाही, त्यांना 'तुमच्यावर गुन्हा दाखल झालाय' हे वाक्य पुरतं हादरवतं. लोक काय म्हणतील, मुलाच्या नोकरीचं काय होईल, हे डोक्यात सुरू होतं. समोरचा विचार करायला वेळच देत नाही. आणि 'कुणाला सांगू नका' म्हणून तो त्यांना एकटं पाडतो.

भीती आणि घाई तुम्ही पुण्यात बसून थांबवू शकत नाही. एकटेपणा मात्र तुम्ही तोडू शकता. बाबांनी मधेच तुम्हाला एक फोन केला, तर सगळं नाटक तिथेच संपतं.

मग ते का करत नाहीत? इथे जरा आपल्याकडे बघू. मागच्या वेळी त्यांनी पीडीएफ कशी उघडायची विचारलं, तेव्हा आपण काय म्हणालो? "अहो बाबा, कितीदा सांगितलंय!" आईने एखादी खोटी लिंक फॉरवर्ड केली, तेव्हा फॅमिली ग्रुपवर सगळ्यांसमोर तिची खेचली. त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: मोबाइलमध्ये काही चुकलं तर पोरांना कळू द्यायचं नाही. भामट्याला नेमकं हेच हवं असतं.

त्यांना या चार गोष्टी माहीत हव्यात

१. भारताच्या कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकारच नाही. व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक होत नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्येही हे सांगितलंय.

२. चौकशीला हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर पाठवणं वैध नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय.

३. पैसे 'तपासायला' म्हणून पोलीस, सीबीआय किंवा रिझर्व्ह बँक कधीच कुठल्या खात्यात भरायला सांगत नाहीत.

४. आधार नंबर माहीत असला म्हणजे माणूस सरकारी असतो असं नाही. आधारच्या झेरॉक्स आपण लॉजपासून सिमकार्डच्या दुकानापर्यंत वाटत आलोय.

या शनिवार-रविवारी काय कराल?

लेक्चर देऊ नका. चहा घेताना वरची गोष्ट सांगा आणि विचारा, "बाबा, तुम्हाला असा फोन आला तर काय कराल?" मग एकच वाक्य पाठ करून घ्या: "मी मुलाशी बोलून सांगतो." एवढं म्हणायचं आणि फोन ठेवायचा. पोलीसवाल्याचा फोन कट केला म्हणून कुणी तुरुंगात जात नाही, हेही सांगा. पाहिजे तर तुम्ही खोटे पोलीस बना आणि एकदा सराव करा. आई हसेल, पण लक्षात राहील.

घरातला एक परवलीचा शब्द ठरवा. आता हुबेहूब आवाज काढता येतो. 'आई, माझा ॲक्सिडेंट झालाय, पैसे पाठव' असा फोन आला, तर आईने तो शब्द विचारायचा. जुन्या वाड्यातल्या मांजरीचं नावसुद्धा चालेल. फक्त ते फेसबुकवर नसावं.

फोन हातात घेण्याआधी त्यांना विचारा, मग व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'कॉल्स'मध्ये जाऊन अनोळखी कॉल सायलेंट करा. नेट बँकिंगची रोजची मर्यादा गरजेपुरतीच ठेवा. मेसेजमधून आलेली एपीके फाइल, मग ती लग्नपत्रिका असो वा ट्रॅफिक चलन, उघडायची नाही. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हेही सांगून ठेवा. शेवटी एका कागदावर तुमचा नंबर आणि १९३० मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा.

आणि पैसे गेलेच तर?

पहिलं वाक्य: "बरं झालं तुम्ही लगेच सांगितलंत." दुसरं काही नको.

मग लगेच १९३० लावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवून काढून घेतला जातो. तक्रार लवकर पोचली, तर वाटेतल्या बँकांना तो तिथेच गोठवता येतो. म्हणून इथे मिनिटं मोजायची असतात. सोबतच बँकेला कळवा, स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचे नंबर जपून ठेवा, सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. नंतर 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा' असं सांगणारा फोन येऊ शकतो. तोही भामटाच.

आता विचार करा. भामट्यांनी अख्खी दुपार काढली, तर बाबा तुम्हाला संध्याकाळी सांगणार की आठवड्याने? आठवड्याने सांगितलं, तर वाटेत गोठवायला बहुतेक काहीच उरलेलं नसतं. हा फरक कुठलंही ॲप पाडत नाही, तुमचा फोनवरचा आवाज पाडतो.

तर आता घरी फोन लावा. आई म्हणाली, "अरे, ते व्हॉट्सॲप बघ ना काय झालंय," तर या वेळी शांतपणे सांगा. दुसऱ्यांदा विचारलं तरी.

भेटू पुढच्या भागात!