पाळीवर आलेल्या हातांची चिरेबंदी

पेरूमधल्या कुस्को शहरात इंकांच्या भिंतीजवळ अगदी हाताच्या अंतरावर उभं राहिलं की दगडावर बारीक खळगे दिसू लागतात. चिऱ्याच्या मधोमध ते मोठे आणि विरळ असतात. सांध्याकडे सरकावं तसे लहान आणि दाट होत जातात. हे ठोक्यांचे माग आहेत. मधला भाग जड गोट्याने ठोकून काढला आणि कडा धरायची वेळ आली तसा पाथरवटाने हलका गोटा हातात घेतला. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने हत्यार कधी बदललं, हे आजही त्या दगडावर वाचता येतं.

इंकांकडे लोखंड नव्हतं. ओझं ओढणारी जनावरं नव्हती, गाडीचं चाकही नव्हतं. काशाच्या पहारी आणि हत्यारं होती, पण दगड घडवायचं मुख्य काम दगडानेच व्हायचं. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वास्तुकला शिकवणारे झां-पिएर प्रोत्झेन यांनी १९८० च्या दशकात कुस्कोजवळची रुमिकोल्का आणि ओयांतायतांबोजवळची काचिकाता या दोन जुन्या खाणी पिंजून काढल्या. तिथे त्यांना खाणीतल्या खडकाशी नातं नसलेले गुळगुळीत गोटे सापडले. ते बहुतेक नदीकाठून वेचून आणलेले होते. काही आठ-दहा किलोंचे, तर काही मुठीत मावतील एवढेच. प्रोत्झेन यांनी तसाच एक चार किलोंचा गोटा घेतला आणि अँडेसाइटचा एक दगड स्वतः घडवायला बसले. गोटा दोन्ही हातांत धरून तिरका सोडायचा. तो उसळून परत येतो, त्यामुळे हाताला फारसा शीण होत नाही. तीन बाजू सपाट करून पाच कडा काढायला त्यांना दीड तास लागला.

सांधा जुळवायची रीतही त्यांनी करून पाहिली. खालच्या थरातल्या दगडाच्या माथ्यावर वरच्या दगडाच्या बुडाबरहुकूम खोलगट बैठक कोरायची. वरचा दगड ठेवायचा, उचलायचा आणि खालची भुकटी कुठे दाबली गेली ते पाहायचं. जिथे दाबली तिथे अजून ठोकायचं. पुन्हा ठेवायचा, पुन्हा उचलायचा. चुना नाही, माती नाही, तरीही सांध्यात सुरीचं पातं शिरत नाही. यात गूढ कुठेच नाही. आहे ती चिकाटी, आणि नजर.

म्हणूनच या भिंती परग्रहावरून आलेल्यांनी बांधल्या, असं कोणी सांगू लागलं की मला मनापासून राग येतो. हा आजार आजचा नाही. कुस्कोत १५३९ मध्ये जन्मलेला गार्सिलासो दे ला वेगा हा इंका राजघराण्यातल्या आईचा आणि स्पॅनिश कप्तानाचा मुलगा. तो लहानपणी कुस्कोच्या माथ्यावरच्या साक्सायवामान या किल्ल्याच्या भुयारांतून खेळलेला. त्यानेही पुढे लिहिलं की हे काम माणसांचं नसून जादूचं वाटावं असं आहे. त्याच्या शब्दांत अभिमान होता. नंतरच्यांच्या बोलण्यात मात्र एक अविश्वास असतो, की त्या डोंगरातल्या शेतकऱ्यांना एवढं जमेलच कसं!

ते जमलं, कारण त्यामागे मिता होती. मिता म्हणजे पाळीची चाकरी. प्रत्येक गावाने ठरल्या पाळीप्रमाणे माणसं द्यायची. ती रस्ते, कालवे, कोठारं, तट बांधायची, गरज पडली तर लढायचीही. पाळी असेपर्यंत खाणंपिणं राज्याच्या कोठारातून. मुदत संपली की माणूस आपल्या शेतावर परत. सक्ती होतीच, तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण तिला पेरणी-कापणीचं भान होतं.

कुस्कोच्या डोक्यावर, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर असलेलं साक्सायवामान हे त्या व्यवस्थेचं सर्वांत मोठं काम. नववा इंका पाचाकुती याने पंधराव्या शतकात ते सुरू केलं, पुढच्या राजांनी वाढवलं. चुनखडकाचे तीन तट करवतीच्या दात्यांसारखे आत-बाहेर होत एकावर एक चढत जातात. त्यातल्या सर्वांत मोठ्या दगडांचं वजन १०० टनांच्या वर धरलं जातं. सिएसा दे लेओन या स्पॅनिश वृत्तलेखकाने कुस्कोत ऐकून लिहून ठेवलं आहे, की इथे २०,००० माणसं पाळीने राबत होती. ४,००० खाणीत दगड फोडायला, ६,००० कातड्याच्या आणि घायपाताच्या दोरखंडांनी ओढायला, बाकीची पाया खणायला आणि इतर कामांना.

याच माणसांचे वंशज १५३६ मध्ये पुन्हा त्या डोंगरावर चढले, या वेळी लढायला.

स्पॅनिश सेनानी पिझारोने १५३२ च्या नोव्हेंबरात काहामार्काला इंका राजा आतावाल्पा याला पकडलं, पुढच्या वर्षी ठार केलं आणि कुस्कोत शिरून मांको या तरुण राजपुत्राला गादीवर बसवलं. बाहुला म्हणून. पिझारोच्या भावांनी त्याच्याकडे सोन्यासाठी तगादा लावला, त्याला साखळदंडात ठेवलं, गोन्सालोने तर त्याची पत्नीच हिरावून घेतली. १५३६ च्या एप्रिलमध्ये सोन्याची मूर्ती आणून देतो असं सांगून मांको शहराबाहेर पडला. मे महिना उजाडला तेव्हा कुस्कोभोवतीचे डोंगर माणसांनी भरले होते. सुगी आटोपत आलेली होती. स्पॅनिश वृत्तांतांत वेढा घालणाऱ्यांचा आकडा लाखाच्या वर जातो. आत होते १९० च्या आसपास स्पॅनिश आणि त्यांच्या बाजूने लढणारे कान्यारी वगैरे स्थानिक लोक. या मित्रांवाचून स्पॅनिश तगलेच नसते, हे विजयाच्या कथांत फार हळू आवाजात सांगितलं जातं.

वेढ्यातलं मुख्य हत्यार पुन्हा दगडच. तापवून लाल केलेले, कापसात गुंडाळलेले गोफणगुंडे शहराच्या गवती छपरांवर पडले आणि कुस्को पेटलं. साक्सायवामान मांकोच्या लोकांनी ताब्यात घेतलं होतं. ते परत घेताना पिझारोचा भाऊ हुआन याच्या डोक्यात दगड बसला. जबड्याला आधीच जखम असल्याने त्याने शिरस्त्राण घातलं नव्हतं. काही दिवसांनी तो मेला. शेवटी शिड्या लावून स्पॅनिश आत शिरले. बुरुजावर एक इंका सरदार अखेरपर्यंत एकट्याने लढला आणि हाती लागण्याऐवजी त्याने वरून उडी घेतली. त्याची कहाणी नोंदवली आहे ती शत्रूच्याच बाजूने लढलेल्या पेद्रो पिझारोने.

किल्ला गेला, पण बंड संपलं नाही. किनाऱ्यावरून कुमक घेऊन निघालेल्या स्पॅनिश तुकड्या किसो युपांकी या सेनापतीने घाटांत गाठल्या. घोडे जिथे वळूही शकत नाहीत अशा खिंडीत वरून शिळा लोटल्या आणि त्या तुकड्या जवळजवळ नामशेष केल्या. मांकोला खरी अडचण आली ती ऑगस्टनंतर. पेरणीचे दिवस आले. सैनिक शेतकरी होते. ते गेले नसते तर पुढच्या वर्षी त्यांच्या मुलांनी काय खाल्लं असतं? फौज पांगत गेली. ज्या पाळीने तट उभे केले, तिनेच वेढा सैल केला. याला कोणी कच्चेपणा म्हणेल, मी म्हणणार नाही.

१५३७ च्या जानेवारीत पिझारोचा आणखी एक भाऊ एर्नांदो मांकोला पकडायला ओयांतायतांबोला गेला. तिथले गच्च पायऱ्यापायऱ्यांचे तट चढून जाणं त्याला जमलं नाही. वरून दगड आणि बाण येत होते. त्यातच मांकोने कालवे फोडून खालच्या मैदानात पाणी सोडलं आणि घोडे चिखलात रुतू लागले. पाहणाऱ्यांनी लिहिलं आहे की मांको स्वतः हस्तगत केलेल्या घोड्यावर बसून, हातात भाला घेऊन लोकांना हुकूम देत होता. एर्नांदो रात्रीतून माघारी फिरला. पाटबंधाऱ्याचं आणि दगडकामाचं इंकांचं सगळं ज्ञान त्या एका दिवशी लढाईला जुंपलं गेलं. त्या काळातला हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मात्र ओयांतायतांबो कुस्कोच्या फार जवळ होतं. त्याच वर्षी मांको विल्काबांबाच्या जंगलात उतरला आणि तिथे त्याने वेगळं राज्य उभं केलं. आसरा दिलेल्या स्पॅनिश फितुरांनीच पुढे त्याचा खून केला, तरी ते राज्य १५७२ पर्यंत टिकलं. वेढ्यापासून मोजली तर ३६ वर्षं.

दरम्यान साक्सायवामानची खाण झाली होती. उचलता येतील ते चिरे कुस्कोच्या नव्या चर्चना आणि घरांना लागले. जे हलेनात ते तेवढे उरले. कोरिकांचा या सूर्यमंदिरावर सांतो दोमिंगोचा मठ चढला. १९५० च्या भूकंपात तो मठ जबर कोसळला, त्याखालच्या इंका भिंती मात्र जागच्या जागी राहिल्या.

२४ सप्टेंबर १५७२ रोजी मांकोचा मुलगा तुपाक आमारू याचा कुस्कोच्या चौकात शिरच्छेद झाला. हुकूम व्हाइसरॉय तोलेदोचा होता. त्याच तोलेदोने मिता मोडली नाही, ती ठेवून घेतली आणि पोतोसीच्या चांदीच्या खाणींकडे वळवली. कुस्कोच्या दक्षिणेकडच्या प्रांतांपासून खाली पोतोसीपर्यंतच्या गावांना दर वर्षी आपल्या कर्त्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा धाडावा लागे, एकूण सुमारे १३,००० माणसं. कित्येकांची बायकामुलंही लामांवर सामान लादून बरोबर निघत, कारण पाळी वर्षभराची असे आणि पेरणीला परतण्याची सोय नव्या व्यवस्थेत नव्हती. कायद्याने ही मिता बंद झाली ती १८१२ मध्ये.